विनंती जरा मऊ करा

"दर बुधवारी दीड तास जातेस, घरी काय आणतेस?" असं परवा निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विचारलं. खरं सांगायचं तर इंग्रजी फारसं आणत नाही. ते हॉलमधल्या सतरंजीवरच राहतं. घरी येतात ते किस्से. एक सांगायला घ्यावा तर दुसरा पदर धरून मागे उभा असतोच. दोनच महिन्यांत इतके साठलेत की लिहून मोकळं झाल्याशिवाय डोक्यात क्रियापदांना जागा व्हायची नाही.

आधी मंडळी सांगते. वर्ग आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो, नाशकात, पाथर्डी फाट्याजवळ. शिकवणाऱ्या वैद्य मॅडम, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. शिकणाऱ्या आम्ही तिघी. मखमलाबादच्या सुरेखाताई, यांची झेंडूची आणि गुलछडीची शेती आहे आणि त्या लग्नाच्या हॉलना फुलं पुरवतात. मूळची सटाण्याची योगिता, ती घरी बसून एका कंपनीचं काम करते. आणि मी. एम.एस्सी. केमिस्ट्री. पुस्तकं इंग्रजीत वाचली, जर्नलं इंग्रजीत लिहिली, पण बोलायची वेळ आली की वाक्य घशापर्यंत येतं आणि तिथेच चपला काढून बसतं.

मी वर्गाला का जायला लागले हे सांगायला थोडी लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ओवीमुळे. ओवी माझी मुलगी, साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्या शाळेत नियम आला: काहीही मागायचं तर इंग्रजीत आणि पूर्ण वाक्यात. "मे आय गो टू द वॉशरूम, प्लीज?" एवढं म्हटलं की जायला मिळतं. अर्धं म्हटलं तर टीचर प्रेमाने म्हणतात, "फुल सेंटेन्स, बेटा." एक दिवस ओवी फुल सेंटेन्स जुळवत राहिली, आणि तो जुळेपर्यंत फ्रॉक ओला झाला. कोणी रागावलं नाही. मावशींनी कपडे बदलले, टीचरनी डायरीत हसरा चेहराही काढून पाठवला. पण ओवीने स्वतःच त्यावर उपाय शोधला. तिने शाळेत पाणी पिणंच बंद केलं.

तेव्हापासून तिची बाटली जशी जाते तशी परत येते. मी केमिस्ट्रीवाली, बाटलीवर मार्करने खुणा करून ठेवल्यात आणि रोज दुपारी डोळा पाण्याच्या पातळीला आणून, लॅबमधल्या ब्युरेटचं घ्यावं तसं रीडिंग घेते. साडेतीनशे मिली गेलं, साडेतीनशे आलं. एखाद्या दिवशी तीनशे चाळीस आलं, तर दहा मिली दप्तरात सांडलेलं सापडतं.

टीचरना गेटवर विचारलं तर त्या म्हणाल्या, नियम वरून आहे, प्रिन्सिपल मॅडमना भेटा. मला मॅडमना इतकंच सांगायचं होतं, की या एका गोष्टीसाठी लहान मुलांना कुठल्याही भाषेत विचारू द्या. पण सांगायचं इंग्रजीत, कारण ऑफिसच्या दारावर तशी पाटी आहे. आणि मी तिथे अडखळले, तर मॅडमना वाटणार, बरोबरच आहे, आईचीच ही गत तर मुलीची काय असणार.

म्हणून बुधवार.

*

वैद्य मॅडमचं एक तत्त्व आहे. इंग्रजीत वाक्य जितकं लांब, तितकी विनंती मऊ. 'गिव्ह मी' कडक. 'कॅन यू' जरा बरं. 'कुड यू प्लीज' मऊ. 'वुड यू माइंड' म्हणजे लोणी. आम्ही काहीही मागितलं की मॅडम हवेत कणीक मळल्यासारखा हात फिरवतात आणि म्हणतात, "जरा मऊ करा."

'वुड यू माइंड'च्या दिवशी त्यांनी सुरेखाताईंना विचारलं, "सुरेखा, वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?"

"येस मॅडम," म्हणत सुरेखाताई उठल्या आणि खिडकी सताड उघडली. डिसेंबरातली सकाळ, आम्ही तिघी शालीत.

"तुम्ही येस म्हणालात," मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तुमची हरकत आहे."

"हरकत असती तर उघडली असती का?"

"हो, पण म्हणायचं 'नो'. नो म्हणायचं आणि उघडायची."

सुरेखाताई खिडकीशीच उभ्या राहून विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "आमचे हे बरोब्बर याच्या उलटे आहेत. येस म्हणतात आणि उघडत नाहीत."

*

मॅडमनी गृहपाठ दिला: घरी सराव करा.

निखिल सोफ्यावर मोबाइल बघत बसला होता. मी ओट्याजवळून म्हटलं, "वुड यू माइंड गेटिंग मी सम कोथिंबीर?"

त्याने मोबाइल खाली ठेवला. "काय झालं?"

"काही नाही. कोथिंबीर हवीये."

"नाही, काय झालं ते सांग. मी काल भिजलेला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून?"

मला टॉवेलचं माहीतच नव्हतं. पण मी धड्यातलं पुढचं वाक्य घेतलं. "आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड..." वाक्य पुरं व्हायच्या आत तो स्कूटरची किल्ली घेऊन जिन्यात होता.

तासाभराने आला. कोथिंबीर होती. न सांगता आणलेलं आलं होतं, लिंबं होती, आणि तीन आठवडे 'उद्या बोलावतो' म्हणत असलेला गीझरवाला मागोमाग जिना चढत होता.

सासूबाई थंडीपुरत्या सायखेड्याहून आमच्याकडे आल्या आहेत. त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "काय रं, लय मोठं भांडान झालं का? ती इंग्रजीत बोलत व्हती."

*

मऊपणालाही मर्यादा असते, हे आम्हाला योगितामुळे कळलं.

तिच्या धाकट्या भावाचा साखरपुडा होता, सटाण्याला, शुक्रवारी. ऑफिसच्या साहेबांना सुट्टीसाठी मेल करायचा होता. आधीच्या बुधवारी 'आय वॉज वंडरिंग' झालेलं. योगिता मन लावून शिकणारी. तिने लिहिलं की, मी आपली सहज विचार करत होते, की शुक्रवारी मी नसणं कदाचित शक्य होऊ शकेल का, अर्थात कोणाची जराही गैरसोय होणार नसेल तर, आणि होणार असेल तरी काहीच हरकत नाही.

साहेबांचं उत्तर दहा मिनिटांत आलं: "थँक्स फॉर शेअरिंग."

ही सुट्टी आहे की नाही, यावर आम्ही तिघींनी अख्खा गुरुवार व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चा केली. नव्हती. शुक्रवारी साखरपुडा योगिताने मोबाइलवर पाहिला, एका कानात साहेबांची मीटिंग चालू ठेवून. तिची आई व्हिडिओ कॉलवर आली, मागे पाहुणे, मांडव, सगळं, आणि लेकीवर अहिराणीत कडाडली, "सुटी जोयजे शे, इतलंच सांगानं व्हतं ना?"

पुढच्या बुधवारी योगिताने आईचं वाक्य, 'सुट्टी पाहिजे, इतकंच सांगायचं होतं ना?', वर्गात सांगितलं. मॅडमनी हात कणीक मळायला उचलला होता, तो तसाच खाली ठेवला.

*

याच मॅडम आम्हाला एकदा भाजीबाजारात दिसल्या. आम्ही दोघी, मी आणि योगिता, त्यांच्या पाठीमागे होतो. त्यांना माहीत नव्हतं.

"ही मेथी आहे का सरपण?" मॅडम भाजीवालीला म्हणत होत्या. "खालची काढ. खालची. वरची तू घरी ने."

"मावशी, सगळी सारखीच हे."

"सारखी असती तर खालची गोणपाटाखाली झाकली नसतीस. काढ."

जुडी पिशवीत टाकून त्या वळल्या, आम्ही दिसलो, आणि त्यांचा चेहरा पाकळी उलगडावी तसा उलगडला. "ओह, हॅलो! वुड यू माइंड होल्डिंग धिस फॉर अ मोमेंट?"

आम्ही दोघींनी एकदम 'नो' म्हणून पिशवी धरली. इतकं तरी शिकलो होतो.

योगिता भीत भीत म्हणाली, "मॅडम, तिच्याशीसुद्धा जरा मऊ..."

"मी मऊ बोलले," मॅडम म्हणाल्या, "की मेथी जून मिळते."

*

या सगळ्यात ओवीचा सरावही चालूच होता. दात घासताना, वेणी घालताना, मोजे चढवताना. "म्हण, मे आय गो टू द वॉशरूम, प्लीज." घरी ती वाक्य खडाखडा म्हणते, एका श्वासात, मेआयगो. शाळेच्या गेटवर सोडताना शेवटचं एकदा विचारलं तर बाटलीचा पट्टा चावत नुसती बघते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सासूबाई देवपूजा अर्धी टाकून बाहेर आल्या.

"काय लावलंय सकाळी सकाळी? आय मेली, आय मेली. जितीजागती आय पुढं उभी हाय की."

मी समजावलं. 'मे' म्हणजे परवानगी मागायची. आणि 'आय' म्हणजे मी.

"आय म्हणजे मी?"

"हो."

"मंग आयला काय म्हंत्यात?"

"मदर. नाहीतर मम्मी."

सासूबाईंनी हातातली फुलं या हातातून त्या हातात घेतली. "म्हणजे पोरीनं 'आय, आय' केलं, तर ती सोताचीच सोताला हाक मारती. मंग यायचं कोनी?"

मी हसले. निखिलही हसला. ओवीला शाळेत सोडून आल्यावर मात्र मी बराच वेळ गूगल करत बसले, लहान मुलांनी पाणी न प्यायल्यास काय होतं. जे जे होतं ते वाचलं. जे होत नाही तेही वाचलं. दुपारी बाटली आली. साडेतीनशे.

*

सुरेखाताईंचा हा किस्सा वैद्य मॅडम आता नव्या माणसाला सगळ्यात आधी सांगतात.

मुंबईचा एक माणूस नाशकात लग्नं करून देतो, मांडवापासून मेंदीपर्यंत सगळं. सुरेखाताईंशी फोनवर इंग्रजीतच बोलतो. बोलतो फार गोड. पूर्वी त्याने काहीही मागितलं की ताईंना अर्धं कळायचं, उरलेल्या अर्ध्याला त्या 'येस येस' म्हणायच्या आणि मग ते निभावत बसायच्या. फोन वर्गातच आला, म्हणून त्यांनी स्पीकरवर टाकला.

"सुरेखाजी, कुड यू पॉसिबली डिलिव्हर बाय फोर इन द मॉर्निंग?"

पहाटे चारला फुलं पोचवायची म्हणजे त्याआधी काकडत, बॅटरीच्या उजेडात तोडायची. मखमलाबादच्या त्या गारठ्यात. योगिता आणि मी सुरेखाताईंच्या तोंडाकडे बघतोय. मॅडमचे ओठ हलतायत, बहुधा 'आय ॲम अफ्रेड' सुचवत होत्या.

सुरेखाताईंनी डोळे मिटले. "आय कुड," त्या म्हणाल्या.

"ओह, वंडरफुल, थँक यू सो..."

"बट आय वुड माइंड."

मग तो माणूस म्हणाला, मराठीत म्हणाला, "सातला चालेल का ताई?"

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, की आपणही जाऊ शकू. शाळेत फोन केला आणि शुक्रवारची अकराची वेळ मागून घेतली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की वेळ मी मराठीतच मागितली होती. पण फोनवर पाटी नसते.

*

भेटीआधीच्या बुधवारी सगळ्या वर्गाने मिळून माझा अर्ज लिहिला. बोलता नाहीच आलं तर पुढे सरकवायला.

मॅडमनी फळ्यावर मजकूर घातला. लहान मुलांच्या नैसर्गिक गरजांच्या संदर्भात, भाषेच्या निवडीबाबत काहीशी लवचिकता दाखवण्याच्या शक्यतेचा आपण कृपापूर्वक विचार केल्यास मी अत्यंत ऋणी राहीन, असा त्याचा अर्थ होता. इंग्रजीत तो चार ओळी भरला आणि फारच सुंदर दिसत होता.

सुरेखाताईंनी तो दोनदा वाचला. "मॅडम, यात लघवी कुठंय?"

"ती सूचित आहे."

"पोरांना सूचित येत नाही हो. एकदम येते."

मॅडमनी चष्मा पुसला. त्यांनाही हसू येत होतं, पण चार ओळी पुसवत नव्हत्या. "मग काय लिहू?"

"'लेट हर गो' लिहा."

"ते पोलाइट नाही, सुरेखा."

"लिहिणं पोलाइट नसेल. पण जाऊ देणं तर पोलाइट आहे ना?"

शेवटी मॅडमच्या चार ओळी तशाच राहिल्या आणि खाली, ताजा कलम म्हणून, सुरेखाताईंचे तीन शब्द आले. मॅडमनी त्याच्या आधी फक्त एक 'प्लीज' घातलं. म्हणाल्या, "एवढं तरी मऊ करू दे."

*

शुक्रवार. मी पावणेअकरालाच शाळेत. घसा कोरडा पडू नये म्हणून घरून निघताना दोन ग्लास पाणी पिऊन निघालेली. ऑफिसबाहेरच्या फरशीच्या बाकावर बसले तेव्हा थंडी पार हाडात शिरली. मावशींनी माझा चेहरा बघून आणखी एक ग्लास पाणी आणून दिलं. नाही कसं म्हणणार? तेही प्यायले. अकराचे साडेअकरा झाले, साडेअकराचे बारा. मी मनात एकच वाक्य घोकत होते: आय वॉज वंडरिंग इफ यू वुड माइंड अलाउइंग द लिटल वन्स टू आस्क इन एनी लँग्वेज.

आत गेले. दारावर पाटी होतीच.

प्रिन्सिपल मॅडम वाटल्या होत्या त्यापेक्षा तरुण निघाल्या, आणि हसऱ्या. "येस, ओवीज मम्मी! हाउ मे आय हेल्प यू?"

'मे आय' ऐकलं आणि डोळ्यांपुढे सासूबाई उभ्या राहिल्या. मी घाईने सुरुवात केली, "मॅडम, आय वॉज वंडरिंग..."

पण तेवढ्यात चहा आला. मॅडम म्हणाल्या, प्लीज. मी कप उचलला. मग त्या नव्या नियमाबद्दल बोलायला लागल्या. इंग्रजीत, मनापासून, न थांबता. मुलांना सवय लागली पाहिजे. फुल सेंटेन्स गिव्हज फुल कॉन्फिडन्स. आई-वडिलांनी घरी साथ द्यायला हवी. प्रत्येक वाक्यावर मी मान हलवत होते आणि मान हलवताना चहाचा एकेक घोट घेत होते. तीन ग्लास पाणी, एक कप चहा, फरशीचा बाक.

"सो," मॅडम म्हणाल्या, "यू वेअर सेइंग समथिंग?"

"आय वॉज वंडरिंग," मी म्हटलं.

"येस?"

"आय वॉज वंडरिंग इफ..."

पुढे काही नव्हतं. दोन महिन्यांचे बुधवार गेले. 'वुड' गेलं, 'माइंड' गेलं, 'लिटल वन्स' गेले. अर्ज पर्समधून काढून टेबलावर ठेवला, तेवढंच हाताला सुचलं. माझ्या सगळ्या शरीराला आता एकच विषय होता. मी पाय एकमेकांवर घट्ट टाकले. पाटीकडे पाहिलं. ओवीची टीचर म्हणते तो फुल सेंटेन्स शोधला. रोज सकाळी वेणी घालताना मीच तर तो पढवते. 'मे'सुद्धा आठवेना.

"मॅडम," मी म्हटलं, "मी जरा बाथरूमला जाऊन येऊ?"

"अहो, जा ना," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. "त्यात विचारायचं काय?"

परत आले तेव्हा माझा अर्ज त्यांच्या हातात होता आणि त्यांचा चहा तसाच निवला होता. मी बसले. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"मुलीचा वर्ग कुठला म्हणालात?"

*

सोमवारी दुपारी ओवीची व्हॅन आली. दप्तर काढलं, बाटली काढली, खिडकीशी उजेडात धरली, डोळा पातळीला आणला. ऐंशी. पुन्हा वाचलं. ऐंशीच. कलंडली म्हणावी तर दप्तर कोरडं होतं.

"ओवी, आज पाणी प्यायलीस?"

"हो." ती बुटाच्या वेल्क्रोशी झगडत होती.

"आणि मग वॉशरूमला गेलीस?"

"हो."

"टीचरना काय म्हणालीस?"

"मे आय."

"आणि पुढे?"

"पुढे पळाले."